धरल्याशिवाय तुटत नाही: स्टार्च तोडणाऱ्यांची दोनशे वर्षं

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात साखर हा युद्धाचा विषय झाला होता. १८०६ साली नेपोलियनने ब्रिटनशी होणारा व्यापार बंद करण्याचा हुकूम काढला. वेस्ट इंडीजहून येणारी उसाची साखर अडली, भाव चढले, आणि रसायनतज्ज्ञ बीट, द्राक्षं, जे मिळेल त्यातून गोड काढायच्या मागे लागले. याच काळात, १८११ साली, सेंट पीटर्सबर्गमधल्या गॉटलीब किर्खहोफ या औषधनिर्मात्याने स्टार्च पाण्यात कालवला, त्यात थोडं सल्फ्युरिक आम्ल घातलं आणि मिश्रण उकळत ठेवलं. खळीसारखं घट्ट मिश्रण हळूहळू पातळ झालं आणि मग गोड झालं. खडूची पूड टाकून आम्ल मारलं, गाळलं, आटवलं की साखरेचा पाक तयार.

बातमी युरोपभर पसरली ती पाकामुळे. पण किर्खहोफच्या लक्षात आलेली दुसरी गोष्ट जास्त मोलाची होती. आम्ल जेवढं घातलं, तेवढंच शेवटी उरलं होतं. त्याने काम केलं, पण ते खर्ची पडलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्याला असंही दिसलं की आम्लाशिवायही हे जमतं. धान्यातला, विशेषतः मोड आलेल्या धान्यातला चिकट भाग गरम पाण्यात स्टार्चबरोबर ठेवला, तरी स्टार्च गोड होतो. ना आम्ल, ना उकळणं.

बिअर करणाऱ्यांना हे हजारो वर्षं माहीत होतं. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, भरडायची आणि गरम पाण्यात ठेवायची. आपल्याकडे नाचणीला मोड आणून बाळासाठी सत्त्व करणाऱ्या आज्यांनाही माहीत होतं की अशा पिठाची पेज वेगळी होते. फक्त धान्यात बसून हे काम करतं कोण, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या 'कोण'चा शोध दोनशे वर्षं चालला आणि वाटेत प्रश्नच बदलत गेला. आधी लोक विचारत होते, स्टार्च कशाने तुटतो? मग विचारू लागले, कुठे तुटतो? आणि सगळ्यात शेवटी, तोडणारा स्टार्चला धरतो कसा? हा शेवटचा प्रश्न दिसायला सगळ्यात किरकोळ आहे. पण कापडाचा कारखाना, मधुमेहाची गोळी आणि लहान मुलाची पेज, या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडतं ते त्याचंच उत्तर.

पिशवी फाडणारा

१८३३ साली पॅरिसमध्ये आन्सेल्म पायाँ आणि झाँ-फ्रांस्वा पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या बार्लीचा अर्क गाळून घेतला आणि त्यात अल्कोहोल ओतलं. तळाशी पांढरट साका बसला. तो वाळवला, पुन्हा पाण्यात विरघळवला आणि स्टार्चच्या खळीत चिमूटभर घातला. खळ पातळ झाली. आपल्या वजनाच्या दोन हजार पट स्टार्च ही पूड पातळ करते, असा त्यांचा दावा होता. आणि पुडीचं पाणी एकदा उकळलं की तिची ताकद जायची.

पायाँ कारखानदार होता. बीटाच्या साखरेच्या धंद्यात त्याने बरीच वर्षं काढली होती, त्यामुळे स्टार्चपासून साखर या गोष्टीत त्याला व्यवहारही दिसत होता. या पुडीला दोघांनी नाव दिलं 'डायस्टेज'. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विलग करणं.

विलग काय करणं? त्यांना वाटत होतं की स्टार्चचा दाणा म्हणजे एक पिशवी आहे. बाहेर आवरण, आत विरघळणारा माल. डायस्टेज आवरण फाडतं आणि आतला माल बाहेर पडतो. ही कल्पना चुकीची होती. स्टार्चच्या दाण्याला अशी पिशवी नसते. पण नाव टिकलं, इतकं की पुढे शतकाच्या अखेरीस एमिल द्युक्लोने अशा सगळ्या पदार्थांच्या नावाला 'एज' ही शेपटी लावायची पद्धत सुचवली. लायपेज, लॅक्टेज, प्रोटिएज, अमायलेज ही सगळी मंडळी आपलं आडनाव एका गैरसमजातून जन्मलेल्या नावावरून मिरवतात.

१८३५ साली स्वीडनच्या बर्झेलियसने किर्खहोफचं आम्ल आणि पायाँ-पेर्सोचं डायस्टेज एकाच रांगेत बसवलं. स्वतः न संपता दुसऱ्याची प्रक्रिया घडवून आणणारे पदार्थ. या प्रकाराला त्याने 'कॅटॅलिसिस' म्हटलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात तेच 'उत्प्रेरण' म्हणून येतं. 'एन्झाइम' हा शब्द आला त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, विल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडून. मराठीत आपण त्याला विकर म्हणतो.

मोजमापाची सोयही याच काळातली. नेपोलियनच्या युद्धांना बंदुकीची दारू लागत होती, तिला सोरा लागत होता, आणि त्या धंद्यात समुद्री शेवाळाची राख वापरताना १८११ साली बर्नार कुर्त्वाला आयोडीन सापडलं. १८१४ साली आयोडीनने स्टार्च निळा होतो हे नोंदलं गेलं. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आपण टाकतो ते हेच. एन्झाइमचं काम सुरू झालं की हा निळा रंग जांभळा होतो, मग तांबूस, मग नाहीसा. या रंगाकडे पाहून तुटण्याचा वेग मोजता येऊ लागला.

१८९४: एक कुलूप, एक पेटंट

पुढची मोठी उडी एमिल फिशरची. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या या रसायनतज्ज्ञाने शर्करांची रचना उलगडण्यात आयुष्य घालवलं होतं. त्याच्याकडे दोन पदार्थ होते. दोन्हींत ग्लुकोज तेच, त्याला जोडलेला तुकडा तोच. फरक फक्त जोडणीच्या दिशेचा: एकात जोड ग्लुकोजच्या कड्याच्या एका बाजूला, दुसऱ्यात दुसऱ्या बाजूला. पहिल्याला अल्फा म्हणतात, दुसऱ्याला बीटा. यीस्टच्या अर्कातलं एन्झाइम फक्त अल्फा तोडायचं. बदामातलं इमल्सिन फक्त बीटा. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावला नाही.

१८९४ साली फिशरने लिहिलं की एन्झाइम आणि ते ज्यावर काम करतं तो पदार्थ एकमेकांत कुलूप-किल्लीसारखे बसायला हवेत. प्रश्न पहिल्यांदाच 'तोडण्या'वरून 'बसण्या'वर आला. कुलूप मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. एन्झाइम हे प्रोटीन असतं की नाही, यावर त्यानंतर तीस वर्षं भांडण चाललं.

त्याच वर्षी अमेरिकेत जोकिची ताकामिने या जपानी माणसाला एक पेटंट मिळालं. ताकामिनेचे वडील वैद्य, आणि आईचं माहेर साके गाळणाऱ्यांचं. जपानी लोक साकेसाठी धान्याला मोड आणत नाहीत. ते शिजवलेल्या तांदळावर एक बुरशी वाढवतात आणि ती बुरशी स्टार्च तोडते. त्या बुरशीच्या तांदळाला ते कोजी म्हणतात. ताकामिनेने ही बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात व्हिस्कीच्या धंद्यात माल्टऐवजी ती वापरायचा घाट घातला. माल्ट करणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार होता, त्यांना हे रुचणं शक्यच नव्हतं. १८९१ साली कारखाना आगीत गेला आणि व्हिस्कीचा बेत बारगळला.

ताकामिनेने मग बुरशीतलं एन्झाइम वेगळं काढून औषध म्हणून विकायला सुरुवात केली. नाव ठेवलं ताका-डायस्टेज. सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या एन्झाइमचं हे अमेरिकेतलं पहिलं पेटंट मानलं जातं. आजही औषधाच्या दुकानात जेवणानंतर घ्यायच्या एखाद्या पाचक सिरपचं लेबल वाचून पाहा. 'फंगल डायस्टेज' असे शब्द सापडतील. पायाँचं नाव आणि ताकामिनेची बुरशी, दोन्ही त्या एका ओळीत आहेत.

शर्ट का टिकतो

फिशरच्या कुलपाचा अर्थ इचलकरंजीतल्या कुठल्याही सायझिंगवाल्याला लगेच कळेल. मागावर ताण्याचा धागा सारखा घासला जातो. तो तुटू नये म्हणून विणण्याआधी त्याला खळ देतात, आणि खळ बहुतेक वेळा स्टार्चची असते. कापड विणून झालं की ही खळ काढावीच लागते, नाहीतर रंग नीट बसत नाही.

खळ आम्लानेही निघते; किर्खहोफने ते दाखवलंच होतं. पंचाईत अशी की कापूस म्हणजे सेल्युलोज. सेल्युलोज कशाचा बनतो? ग्लुकोजचाच. स्टार्चही ग्लुकोजचीच साखळी. दोन्हींत मणी एकच. स्टार्चमध्ये जोड अल्फा, सेल्युलोजमध्ये बीटा. आम्लाला हा फरक कळत नाही. जरा तीव्रता चुकली, वेळ जास्त झाला की खळीबरोबर धागाही खाल्ला जातो. अमायलेज मात्र फक्त अल्फा जोड ओळखतं. कापड रात्रभर त्याच्यात भिजलं तरी धाग्याला धक्का लागत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बुआदँ आणि एफ्रों यांनी जिवाणूंपासून अमायलेज काढून कापड-उद्योगात आणलं, तेव्हापासून जगभरच्या गिरण्या ते वापरत आल्या आहेत. आणि सेल्युलोज हा पदार्थ १८३८ साली प्रथम वेगळा ओळखला कुणी? त्याच आन्सेल्म पायाँने. डायस्टेज आणि सेल्युलोज, दोन्ही त्याच्या टेबलावरून गेले. एक दुसऱ्याला का शिवत नाही, हे सांगणारा फिशर यायला मात्र साठेक वर्षं जावी लागली.

खोबणीत काय घडतं

१९२०च्या दशकात रिचर्ड कून याने अमायलेजचे दोन प्रकार वेगळे केले. अल्फा-अमायलेज साखळीत मधेच कुठेही घाव घालतं. आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात हेच असतं. बीटा-अमायलेज टोकापासून सुरू करतं आणि दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे माल्टोज, तोडत आत सरकतं. रताळं मंद आचेवर भाजलं की इतकं गोड का लागतं? स्टार्च शिजून मोकळा होईपर्यंत त्याच्यातलं बीटा-अमायलेज जिवंत असतं आणि तेवढ्या वेळात ते भरपूर माल्टोज करून ठेवतं.

१९४०च्या सुमाराला स्टार्चचं चित्रही स्पष्ट झालं. त्यात दोन प्रकारच्या साखळ्या: सरळसोट अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. साखळी सरळ रेषेत राहत नाही, स्प्रिंगसारखी वळते. एका वेढ्यात सहा ग्लुकोज. आयोडीन या वेढ्यांच्या पोकळीत जाऊन बसतं, म्हणून निळा रंग. कच्च्या दाण्यात या साखळ्या इतक्या दाटीवाटीने रचलेल्या असतात की एन्झाइमला टोक सापडणंही मुश्कील. शिजवताना पाणी आत शिरतं, दाणा फुगतो, रचना मोडते. कच्चा बटाटा आणि उकडलेला बटाटा यांच्या पचनातला फरक तो हाच.

कुलूप शेवटी डोळ्यांनी दिसलं ते क्ष-किरणांमुळे. १९८४ साली योशिकी मात्सुउरा आणि सहकाऱ्यांनी एका अमायलेजची त्रिमितीय रचना आणि ती तोडणी कुठे करते याची माहिती प्रसिद्ध केली. हे अमायलेज होतं ताकामिनेच्या बुरशीतलं. पेटंटनंतर नव्वद वर्षांनी ताका-डायस्टेजच्या मुख्य घटकाचा चेहरा जगाने पाहिला.

रचनेत एक लांब खोबण दिसते. खोबणीत ग्लुकोज बसायच्या जागा एका ओळीत असतात. डुकराच्या स्वादुपिंडातल्या अमायलेजमध्ये त्या पाच आहेत. साखळीचा एक भाग या जागांवर बसतो आणि तोडणी दोन ठरावीक जागांच्या मधोमधच होते. तिथे तीन आम्लधर्मी अमिनो आम्लं दबा धरून असतात: दोन अ‍ॅस्पार्टिक, एक ग्लुटामिक. ग्लुटामिक आम्ल जोडावरच्या ऑक्सिजनला एक प्रोटॉन देतं. एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल ग्लुकोजला स्वतःशी क्षणभर बांधून घेतं. साखळीचा अर्धा भाग सुटून जातो. मग पाण्याचा रेणू येतो आणि उरलेला अर्धाही मोकळा करतो. एन्झाइम पुन्हा होतं तसं. बर्झेलियसने म्हटलेलं 'न संपता' ते हे.

आता यातला कळीचा मुद्दा. ग्लुकोजचा हा जोड भलताच चिवट असतो. एन्झाइम नसेल तर साध्या पाण्यात, साध्या तापमानाला तो आपणहून तुटायला लाखो वर्षं लागतील. तोडण्यासाठी ग्लुकोजचं कडं त्याच्या नेहमीच्या आकारातून थोडं मुरगळावं लागतं. आणि मुरगळायचं तर दोन्हीकडून घट्ट धरावं लागतं. शेजारच्या जागांवर बसलेले ग्लुकोज हेच काम करतात. ते स्वतः तुटत नाहीत, पण ते बसले म्हणून मधला जोड तुटतो. दोन ग्लुकोजच्या माल्टोजवर अल्फा-अमायलेजचं फारसं काही चालत नाही, कारण धरायला पुरेशी लांबीच नसते.

मी कोड लिहून पोट भरतो. डेटाबेसमधली एक नोंद उडवायला क्षण लागतो. नेमकी कोणती उडवायची ती अट लिहिण्यात दिवस जातो. अमायलेजची रचना वाचताना मला तेच आठवत राहिलं. तीन अमिनो आम्लं तोडतात, बाकी जवळपास पावणेपाचशे नेमकी साखळी शोधून ती नेमकी धरून ठेवण्यासाठी जागा घडवतात.

शेपूट कापल्यावर

हे नुसतं अनुमान नाही. १९८०च्या दशकात डेन्मार्कमध्ये बिर्टे स्वेनसन आणि सहकारी एका काळ्या बुरशीतलं ग्लुकोअमायलेज तपासत होते. ते साखळीच्या टोकापासून एकेक ग्लुकोज तोडतं. या एन्झाइमचे दोन अवतार बुरशीच्या रसात मिळत होते, एक लांब आणि एक आखूड. आखडलेल्याला शेवटची सुमारे शंभर अमिनो आम्लं नव्हती. विरघळलेल्या स्टार्चवर दोघेही सारखंच काम करायचे. कच्च्या स्टार्चच्या दाण्यांवर मात्र लांब अवतार काम करायचा आणि आखूड अवतार जवळपास हतबल व्हायचा.

म्हणजे त्या शेपटाला तोडता काहीच येत नव्हतं. ते फक्त दाण्याला चिकटत होतं. मालकाला दाण्यापाशी धरून ठेवणं, एवढंच त्याचं काम. पण त्या कामाशिवाय धारदार एन्झाइमही दाण्याभोवती नुसतं तरंगत राहायचं. पुढे अशी चिकटणारी अंगं कितीतरी एन्झाइममध्ये सापडली. काहींत वेगळं शेपूट नसतं, तर एन्झाइमच्या पाठीवरच एखादी जागा असते. बार्लीच्या अल्फा-अमायलेजवर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची दोन चपटी कडी शेजारी शेजारी आहेत आणि स्टार्चची साखळी त्यांच्यावर अलगद टेकते.

त्याआधी १९६७ साली अमेरिकेत जॉन रॉबिट आणि डेक्स्टर फ्रेंच यांनी दाखवलं होतं की स्वादुपिंडातलं अमायलेज एकदा साखळी हाती आली की एक घाव घालून सोडत नाही. तीच साखळी सरकवत लागोपाठ अनेक घाव घालतं. शोधायला कष्ट पडलेत, तर सोडायचं कशाला?

धरलं पण तोडता येईना

धरणं इतकं महत्त्वाचं असेल, तर एन्झाइमला थांबवायचा सोपा उपायही तिथेच असणार. १९७०च्या दशकात जर्मनीतल्या बायर कंपनीच्या संशोधकांना मातीतल्या एका जिवाणूपासून अ‍ॅकार्बोज सापडलं. दिसायला ते छोट्या शर्करासाखळीसारखं. एन्झाइम त्याला स्टार्चचा तुकडा समजून घट्ट धरतं. पण तोडायच्या जागी ऑक्सिजनच्या ऐवजी नायट्रोजन बसवलेला आहे, आणि शेजारचं कडं आधीच मुरगळलेल्या आकाराचं आहे. खोबण अडून बसते. तेवढा वेळ स्टार्च हळू पचतो आणि जेवणानंतर रक्तातली साखर एकदम उसळत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर अ‍ॅकार्बोज किंवा त्याचं भावंड व्होग्लिबोज यांची नावं तुम्ही ऐकली असतील. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यायला सांगतात. स्टार्चच्या आधी खोबण गाठायची असते. न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतो, म्हणून गॅसेसची तक्रारही होते.

मधुमेह्याला स्टार्च उशिरा तुटायला हवा. सहा-आठ महिन्यांच्या बाळाची गरज याच्या बरोबर उलट. त्याचं पोट छोटं. तांदळाची किंवा नाचणीची लापशी पोषक व्हावी म्हणून पीठ वाढवलं तर ती इतकी घट्ट होते की बाळाला गिळता येत नाही. पाणी वाढवलं तर पोट भरतं, पण पोटात जातं ते पाणी. गरीब घरातली मुलं पोटभर जेवूनही खंगतात, त्याचं हे एक कारण.

१९८२ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देशिकाचार यांनी मोड आणलेली नाचणी आणि मूग वापरून असा शिशुआहार मांडला की जो गरम असतानाही घट्ट होत नाही. त्याच दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांच्या गटाने मोड आलेल्या धान्याच्या पिठाचा असाच अभ्यास केला. शिजवलेल्या घट्ट लापशीत हे पीठ चमचाभर मिसळलं की ती काही मिनिटांत सैल होते. अन्न तेवढंच, उष्मांक तेवढेच, फक्त गिळता येतं. लापशी घट्ट राहते ती लांब साखळ्यांनी पाणी अडवून धरल्यामुळे. अल्फा-अमायलेज मधेच घाव घालतं, त्यामुळे मोजक्या घावांतच साखळ्या आखूड होतात आणि पाणी सुटतं.

यात एक पथ्य आहे आणि तेही १८३३चंच. एन्झाइम उकळलं की मरतं. मोडाचं पीठ खरपूस भाजलं किंवा उकळत्या लापशीत टाकलं, तर चव येते पण सैलपणा येत नाही. लापशी विस्तवावरून उतरवून जरा निवू द्यायची, मग पीठ घालून ढवळायचं, सैल झाली की पुन्हा एक उकळी आणायची. पॅरिसच्या प्रयोगशाळेतली पांढरी पूड आणि नाचणीच्या मोडाचं पीठ, दोघांची मर्यादा एकच.

पायाँ आणि पेर्सो यांना वाटलं होतं की आपण पिशवी फाडणारा पदार्थ शोधला. पिशवी नव्हतीच. होती एक लांब, चिवट, गुंडाळलेली साखळी आणि तिला दोन्हीकडून नीट धरणारी खोबण. धागा टिकतो तो या धरण्यामुळे, गोळी काम करते ती याच्याच आडून. आणि नाचणीला मोड आले की अंकुर स्वतःसाठी हीच खोबण तयार करायला लागतो. त्यातला चमचाभर वाटा आपण बाळाच्या वाटीत घालतो.